गाळलेल्या ओळी

भिकाजीने रिक्षा मुख्य रस्ता सोडून काजूच्या बागेलगतच्या बोळात घातली आणि इंजिन बंद केलं, तेव्हा फिलूबायला वाटलं की ह्याचं पेट्रोल संपलं. ह्या माणसाचं ते नेहमीचंच. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून ती घरी निघाली होती. नाताळाच्या आठवड्यात मालवणात पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता असा भरून टाकला होता की चालत गेली असती तर आधी पोचली असती, आणि तसं ती भिकाजीला सुनावणारही होती. पण भिकाजी मागे वळला नाही. समोरच्या काचेकडेच बघत तो म्हणाला, "बाय, उद्या तुमी राखणेक बसू नकात." फिलूबाय हसली. "कित्याक रे? सोमवार माझोच वार मा?" "म्हणानच सांगतंय. उद्या रिसॉर्टवाल्याचे पोरगे येतले, जेसीबीवांगडा. समजावूक नाय, मारूक येतले. दोन-चार दिवस बहिणीकडे जावा सावंतवाडेक." आता तो वळला, आणि त्याचे डोळे भरलेले तिला दिसले. "आणि बाय, ह्या कोणाक सांगू नकात. यशोदाकाकीक तर नायच. भायर पडला तर नाव माझा येतला. माझी रिक्षा जाळतले ते." मग त्याने किक मारली आणि तिला घरापाशी सोडलं. तिने पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. तिच्या साडीला अजून देवळातल्या धुपाचा वास होता, आणि पायऱ्या चढताना तिने दोनदा मागे वळून रस्त्याकडे बघितलं.

तशी फिलोमिना पिंटो घाबरट बाई नव्हती. सरकारी नर्स म्हणून उभा जन्म तिने खाडीपलीकडच्या गावांत काढला होता. भर पावसात होडीतून जाऊन बाळंतपणं केली होती, दारू पिऊन अंगावर आलेल्या नवऱ्यांना दाराबाहेर उभं केलं होतं. भिकाजीची लेक संचिता तिच्याच हातावर जगात आली, पायाळू, गळ्यात नाळेचा वेढा घेऊन, आणि तेव्हापासून भिकाजी तिच्याकडून भाडं घेताना लाजतो. पण ते भय वेगळं असतं. हातात काम असलं की भयाला बसायला जागा मिळत नाही. हे मात्र रिकामं भय होतं. वाडीतल्या पाणंदीवरून सगळं सुरू झालं होतं. दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्यांमधून जाणारी ती अरुंद वाट, विहिरीवरून थेट समुद्राकडे उतरणारी. शेजारची जमीन मुंबईच्या कोणी रिसॉर्टसाठी घेतली आणि त्याला ती पाणंद गाड्यांसाठी रुंद करून हवी झाली. विहीर बुजली तरी त्याचं काही जात नव्हतं. वाडीने हरकत घेतली, कचेरीत खेटे घातले, निकाल लागेपर्यंत काही करायचं नाही असं तिकडून तोंडी सांगण्यात आलं. तोंडी सांगणं किती टिकतं हे बायकांना पक्कं माहीत. म्हणून त्यांनी राखण धरली. शेतावर डुकरांसाठी धरतात तशीच. रविवार सोडून रोज एका घरची बाई पाणंदीच्या तोंडाशी उंडलीच्या झाडाच्या सावलीत बसणार, गळ्यात शिटी. मशीन दिसलं की शिटी फुंकायची आणि सगळ्यांनी धावून यायचं. पुरुष एकतर मुंबईत, नाहीतर दर्यावर, नाहीतर यशोदाच्या नवऱ्यासारखे, गणपतसारखे, गुडघ्यांनी बसलेले. ज्या घराला आपल्या वारी जमणार नाही त्याने शिटी पुढच्या घराच्या पडवीत खुंटीला अडकवायची. कारण सांगायचं नाही आणि पुढच्याने विचारायचं नाही. हा नियम फिलूबायनेच घातला होता, कारण कारणं सांगता सांगता बायका भांडतात हे तिला दवाखान्यात कळलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. नाताळच्या गोड नेवऱ्यांचा डबा उघडा पडला होता, मुंग्या लागल्या होत्या. त्या झटकता झटकता तिला सकाळचं बायबलमधलं वाचन आठवत राहिलं. पवित्र कुटुंबाचा रविवार. योसेफाला स्वप्नात देवदूत येतो, ऊठ म्हणतो, हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलाय, मूल आणि आई घे आणि मिसर देशात पळ. योसेफ उठतो आणि जातो. विचारत नाही, वाद घालत नाही. फादर चांगले बोलले होते. शहाणपणाने बाजूला होणं हा भित्रेपणा नव्हे, असं म्हणाले. प्रभूने स्वतः ते केलं. त्याच्या गावच्या लोकांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं तर तो गर्दीतून वाट काढून चालता झाला. देवळात दगड उचलले तर तो दिसेनासा झाला. यहुदियात मारायला टपले तर गालीलात फिरत राहिला. आणि आपल्या माणसांना सांगून ठेवलं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा. अजून वेळ आलेली नसताना मरून जाणं हा काही देवाचा सन्मान नाही. फिलूबायने मान डोलावली होती, कारण हे तिला पटतच होतं. आणि दीड तासाच्या आत तिला रिक्षात देवदूत भेटला, खाकी शर्टातला, विडीचा वास येणारा. एखाद्याने ह्याला योगायोग म्हटलं असतं. फिलूबायला म्हणवेना. तिने बॅग काढली.

दोन साड्या, स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या, बहिणीसाठी दोदोलाच्या गोड वड्या. बॅग भरताना तिला हलकं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, नाही असं नाही. साठीची बाई, एकटी, कुणासाठी डोकं फोडून घ्यायचं? मुलगा कतारला. तो तर महिनाभर कानीकपाळी ओरडत होता, मम्मी तू ह्यात पडू नको म्हणून. शनिवारी तिच्या पडवीत आलेली शिटी खुंटीवरून काढली तेव्हा मात्र तिचा हात जरा थबकला. पुढचं घर यशोदाचं. तिने शिटी अडकवली की उद्या यशोदा उंडलीखाली बसणार. नियम होता. यशोदा विचारणारही नाही. दुपारी जेवून वाडी पडली होती, यशोदाच्या पडवीत गणपत आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता आणि मागल्या दारी भांड्यांचा आवाज येत होता. हाक मारली असती तर यशोदा ओल्या हातांनी बाहेर आली असती, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून काही बोलावं लागलं असतं. फिलूबायने शिटी खुंटीला अडकवली आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरली. स्वतःच्या शेजारणीच्या पडवीत चोरासारखी. त्याची तिला लाज वाटली आणि राग आला, राग भिकाजीचा. सांगायचं होतं तर सगळ्यांना सांगायचं. नाहीतर मला तरी कशाला सांगितलं?

एसटीत तिला खिडकी मिळाली. गाडी कुंभारमाठ चढून गेली आणि वारा कोरडा झाला, खारटपणा गेला, तसं तिला दिसलं की आपण अजून त्या वाचनातच अडकलोय. काहीतरी टोचत होतं. सकाळी ऐकतानाच टोचलं होतं, पण तेव्हा पुढच्या बाकावरच्या कुणाचं पोर रडत होतं. आता तिला कळलं. वाचन मिसरात पोचलं आणि तिथून एकदम हेरोद मेल्यावर सुरू झालं. हेरोदाने त्या गावची दोन वर्षांच्या आतली सगळी पोरं मारली, त्या मधल्या ओळी गाळल्या होत्या. कुटुंबाचा रविवार, म्हणून असेल. पण त्या ओळी तिला लहानपणापासून पाठ होत्या, कारण आजची तारीखच त्या ओळींची. अठ्ठावीस डिसेंबर, मारल्या गेलेल्या बाळांचा दिवस. एरवी ह्या दिवशी फादर लाल वस्त्र घालतात. ह्या वर्षी तो रविवारी आला आणि बाळं मागे राहिली. योसेफ गेला. बरोबर केलं. त्याच्याकडे जपायला जे होतं ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. पण त्याच आळीत शेजारी घरं असणार की नाही? त्या घरांत दोन वर्षांच्या आतली पोरं असणार. मरियेने त्यातल्या एखाद्या आईकडून विरजण आणलं असेल, आपलं बाळ क्षणभर तिच्या हातात दिलं असेल. निघताना योसेफाने एक दार तरी ठोठावलं का? पुस्तकात नाही. स्वप्नात देवदूताने कुणाला सांगू नको असं म्हटल्याचंही पुस्तकात नाही. फिलूबायने इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि आता विचारून झाल्यावर तिला वाटलं की आपण देवळात काहीतरी फोडलं. तिने गुपचूप छातीवर क्रूस केला. शेजारच्या माणसाने तिला गाडी लागतेय असं समजून खिडकी पूर्ण उघडून दिली.

"कट्टा! कट्टा उतरणारे पुढे चला!" कंडक्टरचा घसा पार बसला होता. सुट्ट्यांच्या गर्दीत ओरडून ओरडून त्याच्या आवाजाचा नुसता फाटका वारा उरला होता. तसा आवाज फिलूबायने एकदाच ऐकला होता. तिचा बाप. पास्कू, तांडेल, वाडीतल्या सर्वांत जुन्या होडीचा धनी. ती दहा-अकरा वर्षांची असेल तेव्हा एका सकाळी सगळ्या होड्या बांगड्यावर गेल्या आणि बाप अर्ध्यातून परत आला. वारा बदललाय म्हणाला, वास बरा नाही. तोपर्यंत आकाश स्वच्छ होतं आणि नंतरही स्वच्छच राहिलं. वादळ आलंच नाही. संध्याकाळी बाकीच्या होड्या तोंडापर्यंत भरून आल्या आणि किनाऱ्यावर बापाची जी काय हसून हसून टिंगल झाली ती मरेपर्यंत पुरली. शाळेत पोरं तिला परत्या पास्कूचं चेडू म्हणायची. ह्या आठवणीत ती नेहमी तिथेच थांबायची, त्या चिडवण्यापाशी. आणि मनात बापाची बाजू घेत भांडायची. जो धोक्यातून बाजूला होतो त्याला धोका होता हे कधी सिद्धच करता येत नाही, मग लोकांनी हसावं ह्यात नवल काय? पण कंडक्टरच्या त्या आवाजाने तिला पुढचं आठवलं, जे ती विसरलीच होती. त्या रात्रीपासून आठवडाभर बापाला बोलता येत नव्हतं. आई त्याला हळद घालून गरम दूध देत होती आणि रागाने विचारत होती, "कित्याक येवढो बोवाळ घातलंस? ऐकलो काय कोण?" त्याने होडी वळवली ती एकदम नाही. एकेका होडीजवळ नेली, वल्ही मारत, वाऱ्याच्या उलट, आणि प्रत्येक होडीला ओरडून सांगितलं. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. सगळ्यांना सांगून झालं तेव्हा तो फिरला. वादळ खोटं ठरलं. घसा मात्र खराच गेला होता.

फिलूबाय कट्ट्याला उतरली. उतरायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण गाडी निघून गेली आणि ती खाली होती. बाजारात केळ्यांचे घड टांगलेले, कोपऱ्यावर वडे तळत होते, कुणा पर्यटकांचं टोळकं नकाशात तारकर्ली शोधत होतं. बॅग दोन पायांमध्ये धरून ती थांब्यावर उभी राहिली आणि तिने भीतीकडे एकदा नीट बघितलं. भीती होती तशीच होती. पोरगे, काठ्या, जेसीबीचा तो पिवळा दात. भिकाजीचा शब्द मोडला तर त्याची रिक्षा जळेल, आणि रिक्षा म्हणजे त्याचं सगळं घर. सांगितलं नाही तर उद्या सकाळी यशोदा नऊवारीचा पदर खोचून उंडलीखाली बसेल, मटकी निवडत, आणि आपण सावंतवाडीत बहिणीच्या हातचा चहा पीत असू. दोन्हीकडे कुणीतरी पोळणारच होतं. बाजूला व्हायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, ते फादरांनी सोडवून दिलं होतं. प्रश्न असा होता की तिने आपल्या जागी दुसरी बाई बसवून पळ काढला होता. नियमाप्रमाणे, खुंटीला शिटी अडकवून. उलट दिशेची गाडी आली. फिलूबाय तिच्यात चढली आणि तिने मालवणचं तिकीट काढलं.

वाडीत पोचली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. यशोदा तुळशीपाशी वात लावत होती. बॅगेसकट आलेल्या फिलूबायला बघून तिने वात तशीच धरून ठेवली. पडवीतली खुंटी रिकामी होती.

"यशोदे, उद्या तू राखणेक बसू नको," फिलूबाय एका दमात म्हणाली. "उद्या मारूक येतले. माका म्हायत होता. मी तुका सांगल्याशिवाय गेलंय. कट्ट्यासून परत इलंय."

वात विझली तरी यशोदाच्या ध्यानात आलं नाही. मग तिने पायरीवर बसकण मारली.

"भिकाजी तुझ्याकडेय इल्लो?" तिने विचारलं.

फिलूबायला आधी त्या 'तुझ्याकडेय'चा अर्थच लागेना. लागला तेव्हा तीही बॅग टाकून शेजारी बसली.

"काल इल्लो माझ्याकडे," यशोदा म्हणाली. "रडलो माझ्याम्होरे. कोणाक सांगू नको म्हणालो, फिलूबायक तर नायच. मी माझ्या ह्यांकासुद्धा सांगूक नाय. उद्या सकाळीच ह्यांका घेऊन म्हायराक जातलंय होतंय." ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. "सोमवार तुझो. माका म्हायत होता गो, तुझो वार आसा ता. काल रातभर निजाक नाय. पण सांगूक येवक नाय. तू परत इलंस, मी इलंय नसतंय." आणि ती रडायला लागली. फिलूबायने तिचा हात धरला. राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. आपणही चपला हातात घेऊन ह्याच पायऱ्या उतरलो होतो.

"शिटी खंय?" तिने विचारलं.

"तू अडकयलंस ता बगलंय. तशीच नेऊन लीलावैनीच्या पडवेत अडकयलंय."

"भिकाजीचा रडणा खरा होता काय गो?"

यशोदाने डोळे पुसले आणि प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "खरा होता."

"माझ्याकडेय खरा होता."

मग दोघींच्या मनात एकाच वेळी ते आलं. पोरगे येणार हे खरं असेल. आणि ते कुणी भिकाजीला मुद्दाम सांगितलं असेल, घरोघर पोचवायला, एकेकीला वेगळं गाठून, गुपित म्हणून. काठी न उचलता पाणंद रिकामी करायची तर ह्याहून सोपं काय? कुणाला सांगू नकोस एवढंच म्हणायचं. बाकीचं काम बायकांनी केलेल्या नियमाने केलं असतं. यातलं खरं काय हे उद्या सकाळपर्यंत कळणार नव्हतं आणि कदाचित उद्याही कळणार नव्हतं. दोघी उठल्या आणि गडग्यावरून लीलाच्या अंगणात गेल्या.

लीलाने दार उघडलं ती बाहेर जायच्या साडीत. निवृत्त मास्तरीण, वाडीत सर्वांत ताठ, कचेरीतल्या साहेबाशी शुद्ध मराठीत भांडणारी. तिच्या एका हातात कुलूप होतं, मागे मोरीच्या दाराशी पिशवी भरून ठेवलेली. तिने दोघींकडे बघितलं, बॅगेच्या पट्ट्याचा वळ उठलेल्या फिलूबायच्या हाताकडे बघितलं, यशोदाच्या लाल डोळ्यांकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं. ताठ मान खाली गेली.

"शिटी मी पुढच्या घरात मथुरेकडे नेऊन दिलंय," ती कशीबशी म्हणाली. "मगे उद्या थंय कोण बसतला होता?"

पाणंदीकडून वारा येत होता आणि विहिरीवरच्या रहाटाची दोरी करकरत होती. एवढी शांत वाडी फिलूबायने कधी ऐकली नव्हती.

"आता आयका," फिलूबाय म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "मथुरेकडे जावया, मगे सगळ्या घरांनी. जावचा ठरला तर सगळ्यांनी जावचा, आज, म्हाताऱ्याकोताऱ्यांका घेऊन. रवाचा ठरला तर सगळ्यांनी रवाचा. पण एकटा कोणी खंय जावचा नाय."

"आणि भिकाजीचा नाव भायर पडला तर?" यशोदाने विचारलं.

भिकाजी स्वतः कुठे जाणार, हे सबंध दिवसात फिलूबायला सुचलं नव्हतं. घरोघर रडत फिरलेला तो माणूस. सगळ्यांना जा म्हणून सांगणारा. त्याची बायको, त्याची संचिता, दारात उभी असलेली ती रिक्षा.

"यशोदे," ती म्हणाली, "भिकाजीक जा म्हणान कोणी सांगल्यान काय गो?"

लीलाने कुलूप आतल्या फळीवर ठेवलं, दार नुसतं ओढून घेतलं, आणि तिघी मथुरेच्या आधी भिकाजीच्या घराकडे वळल्या.